हिशेबी साहस आणि समाजऋण

(दिलसुखनगर, हैदराबाद येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विद्येसाठी अथवा उदरनिर्वाहासाठी मूळ गाव सोडून दूरदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांना दोन घरे असतात. एक घर देवालयाच्या प्राकाराशी जोडलेले, दुसरे रोजच्या व्यवहाराचे. पहिल्या घराविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. आजचा विषय मात्र दुसऱ्या घराशी निगडित आहे. तो विषय म्हणजे उद्योग, त्यासाठी पत्करावयाचा धोका आणि त्यातून निर्माण होणारे समाजाचे ऋण.

ज्या दिलसुखनगरात हा मेळावा भरला आहे, त्या वस्तीकडे पाहिले तरी या विषयाचे महत्त्व ध्यानी येते. चादरघाटाचा पूल ओलांडून, मलकपेठ मागे टाकून विजयवाड्याच्या हमरस्त्याने पुढे जाताना ही वस्ती लागते. दिलसुखराम प्रसाद या गृहस्थांनी आपल्या शेतजमिनीचे भूखंड पाडून ते विकले व त्यांच्याच नावावरून या वसाहतीचे नाव पडले, असे सांगितले जाते. शेताची पेठ झाली, पेठेचे उपनगर झाले आणि २०१८ साली मेट्रो रेल्वेही तिच्या डोक्यावरून धावू लागली. २००२ आणि २०१३ या दोन्ही वर्षी बाँबस्फोटांचे आघात या वस्तीने सोसले. तरीही येथील व्यवहार थांबला नाही.

या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन प्रकारची माणसे दिसतात. कपड्यांची, भांड्यांची, फळांची दुकाने थाटून बसलेली माणसे रोज सकाळी भांडवल पणाला लावतात. त्यांच्याच माथ्यावरच्या मजल्यांवर शिकवणीवर्ग चालतात आणि तेथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले तरुण स्पर्धापरीक्षांची तयारी करीत असतात. त्यांतील पुष्कळांना एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कायमची, पेन्शनीची, निर्धोक नोकरी. महाजन कुटुंबांची मुलेही या दुसऱ्या वर्गातच अधिक आढळतात. उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी हा वाडवडिलांनी लावलेला क्रम गेल्या शंभर वर्षांत पार उलटा झाला. एखाद्या मुलाने धंद्याची गोष्ट काढली की घरातील वडीलधारी मंडळी अंथरूण पाहून पाय पसरण्याचा उपदेश करतात आणि विषय तेथेच संपतो.

हा उपदेश चुकीचा नाही. मात्र तो अर्धवट आहे. अंथरूण पाहावे हे खरेच, परंतु ते मोजून पाहावे. जो मोजीत नाही, तो एक तर पाय आखडून आयुष्य काढतो किंवा भलतीकडेच पाय पसरून उघडा पडतो. साहस आणि जुगार यांतील भेद या मोजमापातच आहे. जुगारी काय मिळेल एवढेच पाहतो. उद्योजक तीन प्रश्न विचारतो. बुडाले तर किती बुडेल? बुडाले तर ते कोणाचे बुडेल? आणि तरले तर त्यावर कोणाकोणाचा हक्क राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यापारी सहज देतो, दुसऱ्याचे उत्तर सज्जन देतो आणि तिसऱ्याचे उत्तर देणारा समाजाच्या स्मरणात राहतो.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्या चरित्रात स्पष्टपणे सापडतात, असा मराठी पुरुष म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळत नाही असे निदर्शनास आल्याने तो मार्ग खुंटला. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास मात्र रंगांची आवश्यकता नसते. ती विद्या त्यांनी आत्मसात केली व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पगार ठरलेला, मान ठरलेला. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला याहून अधिक काय हवे होते?

बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती दुसऱ्याला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग केला. हा प्रसंग अनेकदा स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. परंतु त्यात दडलेला हिशेब फारसा सांगितला जात नाही. नोकरीत असतानाच, १८८८ साली, त्यांनी व त्यांचे वडील बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींच्या धंद्याचा आरंभ केला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, लोकांना चालविण्यास शिकवावे, अशी ती वाटणी होती. म्हणजे नोकरीची दोरी सोडण्यापूर्वी दुसरी दोरी हाती होती व ती भार सोसते की नाही, हे काही वर्षे अजमावून पाहिलेले होते. हेच हिशेबी साहस.

सायकलींच्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर. येथे खरी कसोटी लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगराने कसलेल्या जमिनीत हे नवे अवजार घालण्यास कोणी धजेना. पहिले काही नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे कारखाना कशावर तगला, हे पाहणे उद्बोधक आहे. नांगराची आशा धरली, पण कडबा कापण्याच्या यंत्राचे उत्पादन चालू ठेवले. जे विकले जात होते त्याच्या आधारावर, जे विकले जात नव्हते ते उभे राहिले. नव्या वस्तूवर सर्वस्व पणाला लावले असते, तर ‘किर्लोस्कर’ हे नाव आज कोणाच्या कानी पडले नसते.

नांगर खपू लागले आणि नवेच संकट पुढे आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली. बस्तान हलविणे भाग पडले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची सुमारे बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन कसली, तर निवडुंग माजलेला आणि नागांचा वावर असलेला माळ! सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे त्या माळावर आली व मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. पुढे स्थानकाचेही नाव किर्लोस्करवाडी झाले.

या व्यवहारात साहस दोघांनी केले, हे विसरता कामा नये. कारखानदाराने आपले श्रम व आपल्या माणसांचा संसार पणाला लावला. राजाने एका लहान संस्थानाच्या खजिन्यातील दहा हजार रुपये पणाला लावले. दोघेही हिशेबी होते. बाळासाहेबांनी गुळगुळीत कागदांवरील योजना पाहून पैसा दिला नाही. बाजारात टिकून दाखविलेली वस्तू, कष्टाळू बंधुद्वय आणि सोबत आलेली कामगारांची कुटुंबे, हे तारण त्यांच्या दृष्टीस पडले होते. हाच राजा पुढे १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देता झाला. ज्याला माणसावर विश्वास टाकता येतो, तो उद्योगावरही टाकतो आणि सत्तेच्या बाबतीतही टाकतो.

किर्लोस्करवाडीच्या कथेत आणखी काही माणसे आहेत. यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांनी सांभाळली, वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली आणि हिशेबाची वही मंगेशराव रेगे यांच्या हाती होती. उद्योजकाचा पुतळा उभारला जातो, कारकुनाचा उभारला जात नाही. तथापि कोणत्या दिवशी किती देणे आहे व किती येणे आहे, हे अचूक सांगणारा माणूस शेजारी नसेल, तर साहसाचे रूपांतर जुगारात व्हायला वेळ लागत नाही. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानांचे जमाखर्च लिहिले, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता तिसरा प्रश्न. तरले तर कोणाचा हक्क? लक्ष्मणरावांनी या प्रश्नाचे उत्तर उद्योग भरभराटीस येईपर्यंत लांबणीवर टाकले नाही. आपल्या वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी काम दिले, इतकेच नव्हे तर रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याला चोर म्हणून गावाने दूर लोटले, त्याच्याच हाती कोठाराची राखण द्यावयाची, हा धोका नांगराच्या धोक्याहून लहान नव्हता. माळावर आलेल्यांना राजाने उभे केले. त्या माळावर उभ्या राहिलेल्यांनी दुसऱ्यांना उभे केले. ऋण फेडण्याची ही रीत आहे. ज्याने दिले त्याला परत करून कर्ज फिटते, पण ऋण फिटण्यासाठी आणखी एखाद्याला द्यावे लागते. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाचाही जन्म झाला. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके मराठी घराघरांत पोहोचली. नांगर विकणाऱ्या कारखान्याने विचारांची मशागतही आपल्या कर्तव्यात गणली.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, ही एका असामान्य पुरुषाची गोष्ट झाली. सामान्य कुटुंबांना ते कसे साधावे? याचे उत्तर महाजनांच्या स्वतःच्या इतिहासातच आहे. गोमंतकातील खाजन शेती पाहावी. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून जमीन मिळवावयाची, भरती येताच आपोआप मिटणारी मानशीची दारे बसवावयाची, खारटपणा सोसणारे कोरगुट भात पेरावयाचे आणि दरवर्षी बांधाची डागडुजी करावयाची. बांध एका ठिकाणी फुटला तर साऱ्या गावाचे पीक जाते. हा धोका एकट्यादुकट्याला पेलणारा नव्हता, म्हणून गांवकारीने तो एकत्र पेलला. खर्च सामायिक, नुकसान सामायिक आणि उरलेल्या उत्पन्नात गांवकराचा जोण ठरलेला. आधी बांध आणि देवालय यांचा खर्च, नंतर वाटणी, असा तो क्रम होता. पोर्तुगीज अमदानीत गांवकारीला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले आणि देवस्थानांचे व्यवहार १९३३ च्या नियमावलीने बांधले गेले, तरी मूळची बुद्धी महाजनांचीच होती. धोका वाटून घेतला की तो हलका होतो, हे त्या पूर्वजांनी कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाशिवाय जाणले होते.

तीच बुद्धी विसाव्या शतकात मुंबईत सहकारी पतपेढ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट झाली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था निघाली आणि १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटीची स्थापना झाली. जे. के. परुळकर हे तिचे पहिले अध्यक्ष. अडचणीत सापडलेल्या कुटुंबांना, कोणाच्या दारी हात न पसरता, साहाय्य मिळावे हा मूळ उद्देश होता. ठेवी लहान, कर्जे लहान आणि जामीन म्हणजे माणसाची पत. ज्ञातीच्या आधाराने निघालेल्या या दोन्ही संस्था आज सर्वांसाठी खुल्या असलेल्या मोठ्या बँका आहेत. एका वर्तुळात सुरू झालेले सत्कार्य वर्तुळ ओलांडते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने सामाजिक होते.

गोमंतकाच्या अलीकडच्या इतिहासात उद्योगाचे दोन्ही रंग दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाच्या व्यापारात काही गोमंतकीय घराण्यांनी मोठे साहस केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेला जपान पुन्हा पोलाद गाळू लागेल, हे ओळखून चौगुले यांनी १९५०च्या दशकात जपानी कारखान्यांशी संबंध जोडले आणि खाणीवर यंत्रे आणली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षण वगळता उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. लिसेंव संपले की धारवाड, बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९६२ सालीच मडगावात चौगुले महाविद्यालय आणि पणजीत धेंपे महाविद्यालय सुरू झाले. परगावी राहण्याचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांच्या मुलामुलींना पदवीचे दार उघडले गेले. पुढे त्या दारातून बाहेर पडलेल्यांनीच गोव्याची कचेरी, शाळा आणि वृत्तपत्रे सांभाळली.

परंतु त्याच खाणींनी एक कटू धडाही दिला. डोंगर उकरले गेले, माती शेतांत उतरली, विहिरींचे पाणी गेले आणि ज्यांची शेते गाळाने भरली त्यांचा तोटा कोणत्याही खाणवहीत खर्ची पडला नाही. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्दबातल ठरविले. तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले असे हजारो लोक एका रात्रीत बेकार झाले. बुडाले तर कोणाचे बुडेल, हा दुसरा प्रश्न न विचारल्याचे हे फळ. स्वतःच्या भांडवलाचा धोका मोजणे सोपे असते. दुसऱ्याच्या शेताचा, पाण्याचा आणि रोजगाराचा धोका आपण पत्करीत आहोत, हे मान्य करणे कठीण असते. आणि शाळेला दिलेली देणगी शेजाऱ्याच्या विहिरीची भरपाई होऊ शकत नाही. दोन्ही खाती निराळी आहेत.

हैदराबादेतील मराठी समाजाचे उदाहरणही येथे स्मरणीय आहे. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे व कारभाराचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांना स्वभाषेत शिक्षण मिळावे, यासाठी १९०७ साली विवेक वर्धिनी पाठशाळा सुरू झाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी तिचा भार उचलला. केशवराव हे नामांकित वकील. पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही झाले. सरकारदरबारी ज्याची प्रतिष्ठा आहे, त्याने सरकारच्या कृपेवर अवलंबून नसलेली शाळा चालवावी, यात जोखीम होती. ती जोखीम त्यांनी जाणून पत्करली. आज एका शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ती संस्था या शहरात उभी आहे. उद्योगात असो वा विद्यादानात, मोजून टाकलेले पाऊल टिकते, हाच याचा अर्थ.

म्हणून आता प्रश्न असा की, महाजन कुटुंबांनी करावे काय? गुणी विद्यार्थ्यांना पारितोषिके देण्याची प्रथा सर्वत्र आहे व ती चालू राहावीच. परंतु पारितोषिक हे यश मिळाल्यानंतर दिले जाते. यश मिळण्यापूर्वी, दोन वर्षे नांगर विकला जात नसताना, पाठीशी कोण उभे राहते, हा खरा प्रश्न आहे. बँक तारण मागते, आप्त खात्री मागतात. अशा वेळी दहा-वीस कुटुंबांनी एकत्र येऊन, केवळ स्वेच्छेच्या वर्गणीतून, एक लहानसा बिनव्याजी निधी उभारणे अशक्य नाही. देवस्थानच्या मूळ निधीला यासाठी हात लावण्याचे कारण नाही. तो निराळ्या नियमांनी बांधलेला आहे व तसाच राहावा.

या निधीचे नियम मोजके असावेत. अर्जदाराने आपला धंदा लहान प्रमाणावर, काही काळ तरी, चालवून दाखविलेला असावा. त्याची हिशेबाची वही दरमहा दोन जाणत्यांनी पाहावी. या कामी निवृत्त हिशेबनीस, कारकून, बँकेतील मंडळी यांचा फार मोठा उपयोग आहे. त्याच्या व्यवसायाने शेजाऱ्याचे पाणी, हवा अथवा रोजगार बाधित होऊ नये. रक्कम परत आली की ती दुसऱ्या होतकरूस मिळावी, आणि तो दुसरा याच देवालयाच्या कुळातील असला पाहिजे असा हट्ट नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहांपैकी दोन-तीन प्रयत्न फसतील हे वर्गणी देतानाच गृहीत धरावे. प्रामाणिकपणे बुडालेल्याला पुढच्या समारंभात मान खाली घालून बसावे लागू नये. ज्या समाजात अपयशाला लाज चिकटते, तेथे धंद्याचे नाव कोणी काढीत नाही. सारेच शिकवणीवर्गाच्या रांगेत उभे राहतात.

नोकरीला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. प्रामाणिक नोकरीने या समाजाला प्रतिष्ठा दिली, मुलांना विद्या दिली आणि देवालयांचे जीर्णोद्धार घडवून आणले. परंतु नोकरदाराच्या घरातील शिल्लक हीच एखाद्या उद्योजकाची पहिली ओंजळ होऊ शकते. रामुअण्णांचे सायकलींचे दुकान लक्ष्मणरावांच्या पगाराच्या काळातच उभे राहिले होते. नोकरीने जमविले, धंद्याने वाढविले आणि दोघांनी मिळून समाजाला परत केले, असा हा क्रम आहे.

दिलसुखनगरहून मेट्रोने दोन स्थानके पुढे गेले की व्हिक्टोरिया मेमोरियल हे स्थानक येते. निजाम महबूब अली खान यांनी आपली वास्तू देऊन विसाव्या शतकाच्या आरंभी उभे केलेल्या अनाथ मुलांच्या आश्रमावरून त्याला हे नाव मिळाले आहे. राजवट गेली, नाव मात्र राहिले. महाजन कुटुंबांकडे महाल नाहीत. परंतु स्वच्छ वही, मोजलेली वर्गणी आणि दुसऱ्याच्या प्रयत्नावर विश्वास टाकण्याची तयारी, एवढे भांडवल प्रत्येक घरात आहे. ते यापुढे कपाटात पडून राहू नये, ही सर्व उपस्थितांना नम्र विनंती.